वरच्या वाडीची चिठ्ठी

सासूबाईंना माझी नोकरी शेवटपर्यंत कळली नाही. ‘आमची सून घरं मोजते,’ असं त्या महाडच्या आमच्या आळीत सांगायच्या. कुणी विचारलं, ‘सगळी घरं?’ तर म्हणायच्या, ‘छे, थोडीच. बाकीची सोडून देते.’ ऐकणाऱ्याला वाटायचं, सून कामचुकार दिसते. सरकारी नोकरांबद्दल लोकांचं जे मत असतं त्यात हे चपखल बसायचंही. मी चिडायचे. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर वाटतं, माझं काम इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. एकदा त्यांनी मलाच विचारलं होतं, ‘अगं, पण त्या बाकीच्यांचं काय होतं?’ मी घाईत होते. ‘तुम्हाला नाही कळायचं ते,’ असं काहीतरी पुटपुटून एसटी गाठायला पळाले.

तर त्या बाकीच्यांबद्दलच लिहायला बसले आहे.

मी सांख्यिकीच्या कामात अन्वेषक होते. शब्द भारदस्त आहे, काम साधं. घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे. घरात माणसं किती, कोण काय करतं, पाणी कुठून आणता, आजारपणाला कुठल्या दवाखान्यात जाता. प्रत्येक घराला विचारायचं तर ती जनगणना झाली, तिला फौज लागते. आम्ही मोजकीच घरं घ्यायचो आणि त्यावरून सगळ्यांचं सांगायचो. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. नियम एकच, पण कडक: शीत आपल्या मनानं उचलायचं नाही. आपण उचललं तर हाताशी असलेलंच उचलणार. रस्त्याला लागून असलेलं घर, चहा देणारं घर, कुत्रं नसलेलं घर. म्हणून कुठलं गाव, गावातली कुठली घरं, हे आकड्यांच्या एका कोष्टकावरून ठरायचं. त्यात अंक कसेही, काही क्रम न लावता छापलेले असतात. गावातले लोक त्याला चिठ्ठीच म्हणायचे. ‘चिठ्ठी निघाली’ म्हणजे आमची धाड तिथं पडणार.

आता, ज्या बाईनं चुलीवर भात शिजवलाय तिला माहीत असतं की पातेलं एका अंगानं जास्त तापलं तर त्या अंगाचं शीत मऊ लागतं आणि दुसऱ्या अंगाचं कच्चं राहतं. आमचा रायगड जिल्हा हे असंच एका अंगानं तापलेलं पातेलं आहे. पनवेलच्या बाजूचं शीत घेऊन पोलादपूरच्या डोंगराचं सांगायला गेलात तर दाताखाली खडा येणारच. थोड्यांना विचारून सगळ्यांचं सांगितलं की उत्तर जरा इकडे नाहीतर तिकडे सरकतं. त्याला आम्ही नमुना त्रुटी म्हणायचो. ही त्रुटी म्हणजे कुणाची चूक नव्हे, हे आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात सांगितलं होतं. कुणी खोटं बोललेलं नसतं, कुणी आळस केलेला नसतो. सगळ्यांना विचारलं नाही, एवढाच तिचा अर्थ. घरं जास्त घ्याल तर त्रुटी कमी, घरं कमी तर त्रुटी जास्त. आमची घरं राज्याचं सांगायला पुरायची. जिल्ह्याचं ओढूनताणून सांगता यायचं. पोलादपूरसारख्या तालुक्याच्या वाट्याला मात्र एखाददुसरं गाव यायचं, तेवढ्यावर तालुक्याचं काही बोलू नये, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

चिठ्ठी लोकांच्या गळी उतरवणं हे मात्र वेगळंच काम. पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावचे गणपततात्या अजून आठवतात. भाताच्या कापणीच्या दिवसांत आम्हाला पीक कापणीच्या प्रयोगाला हजर राहावं लागे. शेत चिठ्ठीनं निघायचं, आणि शेतातला तुकडासुद्धा. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, चिठ्ठीत निघाली असतील तेवढी पावलं लांबीत टाकायची, तेवढी रुंदीत, आणि जिथं थांबू तिथं खुंटी मारून दोरीनं चौकोन आखायचा. त्या चौकोनातलं भात कापायचं, झोडायचं आणि तोलायचं. तात्यांच्या शेतात चौकोन पडला तो बांधावरच्या आंब्याच्या सावलीत, जिथं रानडुकरांनी आदल्याच आठवड्यात लोळण घेतलेली. बाकीचं शेत असं टवटवीत की बघत राहावं. इतर गावांत लोक भात कमी भरावं म्हणून धडपडायचे, कारण आकड्यावरून पुढे मदत ठरते. भात जास्त भरावं म्हणून माझ्याशी भांडलेला माणूस मी एकच पाहिला.

“ताई, पाव्हन्याला कोन फुटक्या कपातून च्या देतं काय?” तात्या म्हणाले. “माजं शेत काय येवढंच हाय?”

मी त्यांना समजावलं. तुमच्याकडे डुकरांची जागा निघाली, दुसऱ्याकडे चांगली निघेल, सगळी मिळून बेरीज बरोबर येते. तात्या ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी कापू दिलं, पण कापणी होईतो आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तोलायच्या वेळेला स्वतःच्या हातानं चांगल्या लोंब्यांचा एक मूठभर जुडगा आणून तराजूच्या पारड्याशेजारी ठेवला. तोलू नका, निदान बघा तरी, एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही बघितला, वाखाणला, आणि तसाच ठेवून आलो. बेरीज बरोबर आली असेल. तात्यांच्या शेताबद्दल मात्र आमच्या कागदावर जे गेलं ते त्या शेताला धरून नव्हतं, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

महाडात हमीदाबींचं घर निघालं होतं, तेव्हाही असंच झालं. नवरा कुवेतला, वर्षा-दीड वर्षांनी यायचा. आमचा नियम असा की सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहतो तो माणूस घरातला धरायचा नाही. मी घरातल्या माणसांची नावं विचारली, त्यांनी पहिलं नाव त्याचंच सांगितलं. नियम सांगून मी ते गाळलं. त्या रागावल्या नाहीत. आत गेल्या, शरबत घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या की छप्पर त्यानं घातलंय, मुलांच्या शाळेत नाव त्याचं आहे, भिंतीवरचं घड्याळ त्याच्या सुट्टीच्या हिशेबानं चालतं, मग तुमच्या कागदात तो नाही म्हणजे हे घर कुणाचं? शरबत छान होतं. मी ते पिऊन पुढचा प्रश्न विचारला. महाडपासून पोलादपूरपर्यंत अर्ध्या घरांतला कर्ता माणूस असा कुठेतरी बाहेर असतो, कुणाचा आखातात, कुणाचा मुंबईला. त्या साऱ्यांना मी वर्षानुवर्षं गाळत आले.

या दोन गोष्टी मी हसत सांगते, चारचौघांत सांगितल्याही आहेत. तिसरी सांगितलेली नाही.

कापड्याच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या अंगाला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. एका फेरीत या गावाची चिठ्ठी निघाली. कोकणातलं गाव म्हणजे एका जागी नसतं. खाली रस्त्याला गावठाण, मग ओढ्यापलीकडे एक वाडी, मग डोंगराच्या खांद्यावर आणखी एक. असं गाव निघालं की आम्ही वाड्यांचे गट पाडायचो आणि त्यातला एक गट पुन्हा चिठ्ठीनं काढायचो. गट पाडायचे तर आधी सगळ्या वाड्या पायाखाली घालून घरं मोजावी लागत. म्हणून मी वरच्या वाडीला गेले.

चढ असा होता की मी बोलणं केव्हाच सोडलं होतं. वाडीच्या अलीकडे एका कपारीत झरा होता, त्याच्याशी एक बाई भरलेला हंडा गुडघ्यावर घेऊन उभी होती. माझ्याच वयाची. मला बघून म्हणाली, “गो बाय, जरा हात लाव.” मी कोण, कुठली, तिनं काही विचारलं नाही. मी एका बाजूनं हंडा धरला, तिनं चुंबळ सारखी केली आणि हंडा डोक्यावर गेला. मग वाटेनं चालता चालता चौकशी झाली. तिचं नाव सुंदरा. नवरा मुंबईला भाजी मार्केटात हमाली करायचा, मुलगा पोलादपूरला शाळेत. झऱ्याचं पाणी होळीपर्यंत टिकतं, पुढे खालच्या गावठाणातल्या विहिरीवर उतरावं लागतं, असं तिनं सांगितलं. वर चढताना वाटेत दोनदा हंडा उतरवून दम घ्यायचा, आणि उतरवला की पुन्हा चढवायला दुसरी बाई सोबत हवी. म्हणून बायका एकट्या जात नसत, जोडीनं जायच्या. भरलेला हंडा एकटीनं डोक्यावर चढत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा हातानं कळलं.

वाडीला मोजकीच घरं होती. मी घरं मोजली, सुंदरेनं चहा केला. मी कशासाठी आले हे सगळ्यांना सांगून झालं होतं. सरकार पाण्याचं विचारणार आहे, एवढाच त्याचा अर्थ वाडीनं काढला. दुसऱ्या दिवशी खालच्या शाळेच्या पडवीत मी गटाची चिठ्ठी काढली, तेव्हा वाडीतल्या तीन-चार बायका उतरून आल्या होत्या. गावठाणाचा गट निघाला. तिथं दारोदार नळ होता.

“गाव निघालं म्हनतेस,” सुंदरा म्हणाली, “मग आमी गावात नाय काय?”

मी तिला गणपततात्यांना सांगितलेलंच सगळं सांगितलं. या खेपेला ते, पुढल्या खेपेला तुम्ही, सगळी मिळून बेरीज बरोबर येते. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, म्हणजे पुढच्या वेळेला आमची. मी म्हटलं, निघेल गो, कधीतरी निघेलच. खरं तर चिठ्ठीला मागचं काही आठवत नसतं. या वेळेला नाही निघाली म्हणून पुढच्या वेळेला निघण्याची तिला बांधिलकी नसते. पण हे तिच्या तोंडावर सांगायला माझी जीभ रेटली नाही.

त्यानंतर सुंदरा मला अधूनमधून भेटत राहिली. कधी पोलादपूरच्या बाजारात, कधी एसटीत. तिचा प्रश्न ठरलेला. आधी घरची चौकशी, मग हळूच, “आमची चिठ्ठी निघाली काय गो?” सुरुवातीला तो प्रश्न होता, नंतर आमच्या दोघींतली थट्टा झाली. पण मुलगा मोठा होत होता तशी थट्टा कमी झाली. महेश महाडच्या कारखान्यात लागला होता. मुली सांगून यायच्या, मुलगा पसंत पडायचा, मग मुलीची आई घर बघायला वर चढायची. वर आल्यावर तिला पाणी द्यायचं, ती ते प्यायची, आणि विचारायची की पाणी कुठून आणता. पुढचं ठरल्यासारखं व्हायचं. सुंदरा म्हणायची, नळ आला तर सून राहील, सून राहिली तर वाडी राहील. तिला योजना, टक्केवारी यातलं काही नको होतं. दारात एक तोटी हवी होती, म्हणजे तिच्या घराचं दार तिच्यामागं उघडं राहिलं असतं.

त्याच सुमारास आमच्या साहेबांनी मला एका बैठकीला सोबत नेलं. कुठल्या कार्यालयात, ते सांगत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. पाण्याची कामं आधी कुठे घ्यायची, ते ठरायचं होतं. समोर एक तक्ता होता, तालुकावार टक्केवारीचा, दशांशचिन्हापुढे दोन-दोन अंक दिलेले. आकडे आमचेच. आमच्या अहवालात त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की हे तालुक्यासाठी वापरू नयेत. तक्ता करताना बारीक अक्षरं गळाली होती, मोठी राहिली होती. त्या फेरीत पोलादपूरची जी थोडी गावं निघाली ती नेमकी रस्त्याकडची, नळ असलेली. त्यामुळे तालुका तक्त्यात चांगला हिरवागार दिसत होता.

मला राहवलं नाही. मी उठून सांगितलं की हा आकडा इतका नेमका नाही, तो पुष्कळ खालीवर होऊ शकतो, दशांशाच्या अंकांवर जाऊ नका.

अध्यक्षस्थानी बसलेले अधिकारी शांतपणे म्हणाले, “मॅडम, मग तुमच्याकडे दुसरा आकडा आहे का?”

नव्हता. मी वरच्या वाडीबद्दल सांगितलं, झरा, होळीनंतरची विहीर, चढ. ते हसले, चेष्टेनं नव्हे, समजुतीनं. म्हणाले, “एका वाडीवरून तालुका ठरवायचा का? एका शितावर जाऊ नये, हे तुमच्याच खात्यानं शिकवलंय आम्हाला.”

मी खाली बसले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. पोलादपूरची कामं मागं गेली, दुसरीकडची पुढे आली. तिकडेही तहानलेली माणसं होतीच, त्यांच्या वाटचं मी हिसकावून घ्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही.

मला जे बोलायचं होतं ते मला परतीच्या एसटीत सुचलं. एवढ्याशा वाडीला नमुना लागतोच कशाला? चारच घरं असताना त्यातलं एक निवडायचं कशासाठी? वर जायचं आणि सगळ्यांनाच विचारायचं, चहाचं आधण उकळेपर्यंत विचारून होतं. नमुना असतो ते सगळीकडे जाता येत नाही म्हणून. जिथं जाता येतं तिथं जावं की. दुसऱ्या दिवशी मी हे साहेबांना बोलले. ते म्हणाले, पटतंय, पण आपल्या कामात तशी तरतूद नाही. मी पुढे रेटलं नाही. माझं नाव बदलीच्या यादीत होतं, घरी सासूबाई अंथरुणाला होत्या, शंभर कारणं होती. त्या बैठकीत दोन मिनिटं आधी हे सुचलं असतं तर, असं मला आजही भात उतरवताना वाटतं, आणि मी हात भाजून घेते.

नंतर माझी अलिबागला बदली झाली. महाडला परत आले तेव्हा नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू होतं. कागद जाऊन टॅब आले होते. चिठ्ठीसुद्धा टॅबच काढायचा. त्या फेरीत निघालेल्या गावांत सुंदरेचं गाव पुन्हा होतं. मी माझ्या सोबतच्या नव्या मुलीला, प्रियाला, काही बोलले नाही. गावठाणात बसून गट भरले, टॅबला गट काढायला सांगितला, आणि पडद्यावर वरची वाडी आली.

मी हसायलाच लागले. प्रिया म्हणाली, मॅडम, एवढा चढ आलाय वाट्याला आणि तुम्ही हसताय काय? मी म्हटलं, चल, तुला काय माहीत कुणाकडे चहा मिळणार आहे ते. गट भरताना आता मागच्या फेरीचेच घरांचे आकडे धरायचा नियम होता, मी तेच धरले होते. वर काय झालं असेल, हे खाली कुणाला विचारावं असं मला सुचलंही नाही. मला घाई झाली होती. मनात मी वाक्य घोळवत होते, सुंदराबाई, निघाली हो तुमची चिठ्ठी, आता सांगा काय सांगायचंय ते.

झऱ्याशी कुणी नव्हतं. उपसायला कुणी नसल्यानं होळी उलटूनही झऱ्यात पाणी होतं, वर पालापाचोळा साठला होता. वाडीत पहिल्या घराला कुलूप, दुसऱ्याला कुलूप, तिसऱ्याच्या कडीत सुंभ बांधलेला. कुलपं गंजलेली नव्हती. दारावर झेंडूचं सुकलेलं तोरण, अंगणात गुलालाचा डाग. शिमग्याला गावदेवीची पालखी घरोघर नाचत येते, तेव्हा दार उघडं पाहिजे, उंबऱ्यावर कुणीतरी ताट घेऊन उभं पाहिजे. त्यासाठी मुंबईची, महाडची माणसं येतात, दार उघडतात, पालखी पुढे गेली की पुन्हा कुलूप लावून जातात. सुंदरेच्या ओट्यावर हंडा पालथा घातलेला होता. प्रियानं दार वाजवलं. कुलूप दिसत असतानाही नियमाप्रमाणे वाजवावं लागतं.

कड्यावर जाऊन मी फोन लावला. वरिष्ठ म्हणाले, मॅडम, कुणीच राहत नसेल तर पर्यायी गट घ्या. पर्यायी म्हणजे गावठाणाचा. आम्ही उतरलो.

गावठाणात जे घर आलं तिथली सून बोलकी होती. मी वरच्या वाडीचं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की एकेक घर उठत गेलं, शेवटी सुंदराकाकी आणि तिची जाऊ, दोघीच उरल्या होत्या. जोडीनं पाण्याला जायच्या. मग जावेला तिचा मुलगा मुंबईला घेऊन गेला. “काकी ऱ्हायली थोडे दिस,” ती म्हणाली, “कळशीकळशीनं आनायची. पर हंडा चढवायला कोन ऱ्हायलं नाय ना तिला. मग गेली म्हाडला, म्हेशकडं.” बोलता बोलता तिनं ओट्याजवळची तोटी सोडून हात धुतले. प्रियानं टॅबवर विचारलं, पाणी कुठून येतं, आणि सुनेच्या उत्तराची वाट न बघता ‘नळ’ या खुणेला बोट लावलं. तिचं बरोबर होतं. मी तपासलं आणि पुढे पाठवलं.

माझ्या सगळ्या नोकरीत मी दिलेली माहिती इतकी नियमात बसलेली क्वचितच असेल. कुणी खोटं बोललं नाही, कुणी आळस केला नाही. आणि वरच्या वाडीच्या नावानं निघालेल्या चिठ्ठीवर नळ लागला.

निवृत्तीनंतर सुंदरा मला महाडच्या बाजारात भेटली, तळ्याच्या बाजूला भाजी घेत होती. केस पांढरे झालेले, बाकी तशीच. महेशनं खोली घेतली आहे, सून चांगली आहे, नातवंडं आहेत, खोलीत नळ आहे, सकाळी येतो. हे सगळं सांगून झाल्यावर तिनं थट्टेनं, सवयीनं विचारलं, “मग, आमची चिठ्ठी निघाली काय गो?”

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, “निघाली.”

तिचा शेवग्याच्या शेंगा निवडणारा हात थांबला. कधी, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. मग काय लिहिलंस, तेही विचारलं. दारं बंद होती म्हणून खालचं घर घ्यावं लागलं, आणि तिथं नळ आहे म्हणून नळ लिहिला, असं मी सांगितलं. ती हसली. “म्हंजे आला म्हनायचा आमचा नळ,” म्हणाली. त्या हसण्यात राग नव्हता, आणि मला तो असता तर बरं वाटलं असतं.

तिनं शेंगा घेतल्या, त्यातल्या दोन माझ्या पिशवीत घातल्या. एसटी स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत आम्ही सोबत चाललो. निरोप घेताना तिनं माझं मनगट धरलं.

“पर बाय, येक सांगावा धाडायचास गो. पालखीला जातोच की आमी. मी वर जाऊन बसले असते, दार उघडून.”

चिठ्ठी निघाली की आगाऊ निरोप द्यायचा नाही, घर जसं आहे तसं गाठायचं, हा आमचा नियम, आणि तो का आहे ते मी शेकडो लोकांना समजावून सांगितलं आहे. सुंदरेला नाही सांगितलं. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, “हो गो. चुकलंच माझं.”